ओट्यामागचं अर्थशास्त्र : गाव बघून पगार

गेल्या दिवाळीत या पानावर आपण मुलांच्या कॉलेजच्या फीचा हिशेब मांडला होता. यंदाचा विषय त्याच्या एक पायरी आधीचा. ती फी ज्यातून भरायची, तो पगार.

आपल्या मंडळात कुणाचं घर कितीला गेलं, कुणाच्या मुलाला सॅटला किती पडले, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पगाराचं मात्र कुणी नाव काढत नाही. भारतात याच्या उलट. तिथे ‘पॅकेज किती?’ हा प्रश्न लग्नाच्या मांडवात, लिफ्टमध्ये, कुठेही येतो. त्यामुळे इकडच्या पगाराबद्दल तिकडे अफवा आणि तिकडच्या पगाराबद्दल इकडे गैरसमज. आणि आपल्यापैकी कितीतरी घरांत एकाच धंद्याची दोन टोकं नांदतात. एक भाऊ एडिसनला, दुसरा हिंजवडीला, आणि दोघंही कोडच लिहितात.

माझ्या पुतणीचंच घ्या. जळगावची मुलगी, कॉम्प्युटर इंजिनिअर, दोन वर्षांपासून हिंजवडीत नोकरीला. वर्षाला साडेतीन लाख. कापून-सवरून हातात महिन्याला पंचवीस-सव्वीस हजार येतात, त्यातले अकरा हजार वाकडच्या पीजीला जातात. तिच्या टीममधला एक मुलगा इथे न्यू जर्सीत बसतो. काम एकच, चुका शोधायच्या त्याच प्रोग्राममधल्या. मीटिंग इकडच्या सकाळी साडेनऊला, म्हणजे तिच्या संध्याकाळी सातला. नोव्हेंबरात आपली घड्याळं मागे गेली की तिचे आठ वाजतात. घड्याळ कुणाचं पाळायचं, हे कधी कुणी बसून ठरवलं नाही. ते आपोआप ठरलं. परवा फोनवर ती म्हणाली, “काकू, तू अर्थशास्त्र शिकवायचीस ना? मग मला सांग, माझ्या कोडला इथलं पाणी लागतं का?”

प्रश्न मार्मिक आहे. भाजी, केस कापणं, धुणीभांडी यांचा भाव गावागणिक वेगळा असतो, कारण वाकडचा न्हावी एडिसनला येऊन केस कापू शकत नाही. कोडचं तसं नाही. ते एका क्षणात समुद्र ओलांडतं आणि इथे आल्यावर कुठल्या गावात लिहिलं गेलं हे त्याच्यावर छापलेलं नसतं. मग लिहिणाऱ्याचा भाव गाव बघून का ठरावा?

आधी आकडे मांडू. अमेरिकेच्या श्रम आकडेवारी खात्याप्रमाणे मे २०२४ मध्ये सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मध्यम पगार वर्षाला सुमारे १,३३,००० डॉलर होता. अर्थात हा अनुभवी-नवखे सगळे धरून. भारतातल्या मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्या इंजिनिअरला साडेतीन लाख रुपयांच्या आसपास मिळतात. डॉलर ८८ रुपयांना धरला तर हे झाले चार हजार डॉलर. वर्षाचे.

“अगं, पण तिकडे खर्च किती कमी!” हे वाक्य आत्ता वाचणाऱ्या निम्म्या लोकांच्या तोंडावर आलं असेल. ठीक आहे, तेही मोजू. दोन देशांतली महागाई जुळवण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ बाजारातला दर न वापरता खरेदीशक्तीचा दर वापरतात. इथे एका डॉलरमध्ये जेवढं येतं, तेवढं भारतात किती रुपयांत येईल, असा तो हिशेब. जागतिक बँक, नाणेनिधी यांच्या आकड्यांत तो साधारण २० ते २३ रुपये येतो. म्हणजे खर्च कमी आहे हे सगळं मान्य करून, वीसचा दर लावून, पुतणीचा पगार होतो फार तर साडेसतरा हजार डॉलर. न्यू जर्सीत २०२५ चं किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं. आठवड्याला चाळीस तास काम करणाऱ्याचे त्या दराने वर्षाला बत्तीस हजार होतात. स्वस्ताईची पूर्ण सूट देऊनसुद्धा हिंजवडीतली इंजिनिअर इथल्या किमान वेतनाच्या निम्म्यावर येते.

शिवाय सगळंच तिकडे स्वस्त नाही. लॅपटॉप आणि फोन तिकडे स्वस्तात मिळत नाहीत. पुण्यात पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. गॅलनचा हिशेब केला तर २०२५ मध्ये ते साडेचार डॉलरच्या जवळ होतं, आणि आपण इथे तीन-सव्वातीनला भरत होतो. एमएससाठी इथे यायचं ठरवलं तर फी डॉलरमध्येच भरायची. स्वस्त काय, तर ज्यात दुसऱ्या माणसाचे कष्ट आहेत ते: पोळीवाल्या काकू, रिक्षा, पीजीतला डबा. पुतणीचा पगार कमी चालतो कारण पोळीवाल्या काकूंचा त्याहून कमी आहे. याला ‘स्वस्ताई’ म्हणताना जरा थांबावंसं वाटतं.

आता जरा मागे जाऊ. २०१० च्या सुमाराला नवख्या इंजिनिअरला याच प्रकारच्या कंपन्यांत किती मिळायचे? तीन-सव्वातीन लाख. तेव्हापासून भारतातली एकूण महागाई दुपटीहून जास्त वाढली. तेव्हा ज्या शंभर रुपयांत घर चालायचं, त्याला आज दोनशेच्या वर लागतात. पगार मात्र सव्वातीनचा साडेतीन. खर्च बघून पगार ठरत असता, तर खर्च दुप्पट झाल्यावर पगारही वाढायला हवा होता की नाही?

आणि हीच गोष्ट कंपनीच्या बाजूने बघा. तेव्हा डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, म्हणून सव्वातीन लाख म्हणजे सात हजार दोनशे डॉलर. आज साडेतीन लाख म्हणजे चार हजार. ज्या कंपनीची कमाई डॉलरमध्ये आहे, तिला तीच नवखी मुलगी पंधरा वर्षांत स्वस्त पडू लागली. रुपया घसरल्याचा फायदा झाला, तो मुलीच्या पाकिटापर्यंत पोचला नाही.

मग पगार ठरतो कशावरून? वर्गात मी मुलांना सांगायचे, की भाव ठरतो तो ‘नाही’ म्हणायची ताकद कुणाकडे किती आहे त्यावर. आपल्याकडे म्हण आहेच, अडला हरी गाढवाचे पाय धरी. भारतात दरवर्षी लाखोंनी इंजिनिअर बाहेर पडतात. एका जागेला ‘नाही’ म्हटलं तर मागे रांग आहे. नोकरी लागल्यावर काही ठिकाणी बाँड, आणि बऱ्याच ठिकाणी राजीनाम्यानंतर नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड. तीन महिने थांबायला कोणती नवी कंपनी तयार होईल?

उलटा पुरावाही आहे. कोविडनंतर, २०२१-२२ मध्ये, जगभर सॉफ्टवेअरची मागणी एकदम वाढली. तेव्हा तीन-चार वर्षांच्या अनुभवी मुलामुलींना पुण्या-बंगळुरात एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन ऑफर होत्या. काही मोठ्या कंपन्यांत वर्षाला चारातला एक माणूस सोडून जात होता. नोकरी बदलताना भरघोस वाढ मिळत होती. त्या वर्षात वाकडचं भाडं काही दुप्पट झालेलं नव्हतं. बदललं होतं ते एवढंच की माणसं ‘नाही’ म्हणू शकत होती. पुढे मागणी ओसरली आणि ऑफर लेटर हातात असलेल्या कितीतरी नवख्यांना रुजू होण्यासाठी महिनोन्‌महिने घरी बसावं लागलं. गाव तेच, भाडं तेच.

हे फक्त गरीब देशात होतं असं मात्र समजू नका. जगातल्या सगळ्यांत महाग गावांपैकी एक म्हणजे सिलिकॉन व्हॅली. तिथे अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अडोबी, इंट्युइट आणि पिक्सार यांनी एकमेकांची माणसं फोडायची नाहीत असे आपसात करार केले होते. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यांच्यावर खटला भरला, तेव्हा ते करार थांबले. नंतर अभियंत्यांनी स्वतः दावा लावला आणि त्यातल्या चार कंपन्यांनी २०१५ मध्ये ४१ कोटी ५० लाख डॉलर देऊन तो मिटवला. भाडं आकाशाला भिडलेल्या गावात हुशार माणसांचे पगार दाबता आले, कारण शेजारच्या कंपनीचा फोन येणं बंद केलं होतं.

आता आपल्या स्वतःच्या घरात येऊ. आपल्यातले पुष्कळ जण एच-वन-बीवर आले आहेत किंवा अजून त्यावरच आहेत. या व्हिसासाठी कंपनीने ‘प्रचलित वेतन’ द्यावं असा नियम आहे, आणि ते जिल्ह्याजिल्ह्याप्रमाणे वेगळं असतं. म्हणजे गाव बघून पगार हे इथल्या नियमांतसुद्धा आहे. त्याच्या चार पायऱ्या आहेत. एखाद्या भागातले त्या कामाचे शंभर जण पगाराच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर सतराव्याचा पगार ही पहिली पायरी, चौतिसाव्याचा दुसरी, पन्नासाव्याचा तिसरी आणि सदुसष्टाव्याचा चौथी. पहिल्या दोन्ही पायऱ्या मधल्या माणसाच्या खाली आहेत. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या जागांपैकी सुमारे ६० टक्के या पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या होत्या, असं इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०२० च्या अहवालात दाखवलं होतं.

इथे तर गावाचाही आडपडदा नाही. शेजारच्या खुर्चीवरचा अमेरिकन सहकारी त्याच गावात राहतो, त्याच दुकानात दूध घेतो. फरक एवढाच की त्याची नोकरी गेली तर तो सावकाश दुसरी शोधतो आणि आपल्याला साठ दिवस असतात. कायद्याने नोकरी बदलता येते, पण ग्रीन कार्डाची फाइल अर्ध्यावर असताना किती जण बदलतात? एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे आपली रांग वर्षानुवर्षांची. तेवढी वर्षं माणूस ‘नाही’ म्हणायच्या आधी दहा वेळा मुलांकडे बघतो. हिंजवडीतल्या पुतणीची अडचण आणि एडिसनमधल्या काकाची अडचण ही एकाच घराण्यातली आहे. आकडे वेगळे, कारण एक.

आणि या दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करता येतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. काकाने वाढ मागितली की ‘हेच काम पुण्यात होतं’ म्हणायचं. पुतणीने मागितली की ‘मग काम दुसऱ्या देशात नेऊ’ म्हणायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. माणूस इकडे आणणं महाग झालं, तर काम तिकडे पाठवायचा मोह वाढणारच.

घरून काम सुरू झालं तेव्हा हा प्रश्न अमेरिकेतही उघडा पडला. मे २०२० मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्गने सांगितलं, की स्वस्त गावात राहायला गेलात तर पगार त्या गावाप्रमाणे बदलेल. गिटलॅब ही कंपनी तर प्रत्येक जागेचा गुणक काढून त्यावर पगार बेतते आणि ते लपवत नाही. उलट बेसकँप बनवणाऱ्या कंपनीने ठरवलं, की माणूस कुठेही राहो, कामाचा पगार एकच. तीनही कंपन्या चालल्या आहेत. म्हणजे गाव बघून पगार हा काही गुरुत्वाकर्षणाचा नियम नाही. तो मालकाने घेतलेला निर्णय आहे, आणि निर्णयाचं कारण विचारता येतं.

‘तुला खर्च किती?’ हा प्रश्न मला नवा नाही. लग्नाआधी तीन वर्षं मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला शिकवत होते. विनाअनुदानित तुकडी, तासावर पैसे. माझ्याच विषयाचे तास घेणाऱ्या एका सरांना तासामागे जास्त मिळायचे. विचारायला गेले तर उत्तर आलं, “अहो मॅडम, त्यांच्यावर घर आहे. तुमचं काय, वडील कमावते आहेत की!” त्याच आठवड्यात मी मुलांना श्रमाचा मोबदला हे प्रकरण शिकवत होते. माझ्या तासाला मुलं कमी शिकत होती असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. मला कमी लागतं, म्हणून मला कमी.

गरज बघून पगार द्यायचा तर तो दोन्ही बाजूंनी द्यावा ना! घरी आई अंथरुणाला खिळली म्हणून कुणाचा पगार वाढल्याचं मी ऐकलेलं नाही. गरजेचा काटा नेमका पगार कमी करतानाच बाहेर निघतो. बायकांच्या बाबतीत हा युक्तिवाद चालणार नाही, हे अमेरिकेने १९६३ च्या आणि भारताने १९७६ च्या कायद्याने मान्य केलं. गावाच्या बाबतीत तो अजून राजरोस चालतो.

मग काय, पुण्यात न्यू जर्सीचा पगार द्यायचा? नाही, असं मी म्हणणार नाही. तसं झालं असतं तर ते काम पुण्यात गेलंच नसतं. या धंद्याने भारतात पन्नास लाखांहून जास्त माणसांना रोजगार दिला आहे. जळगाव-सांगलीच्या मध्यमवर्गीय घरांनी त्यावर फ्लॅट घेतले, बहिणींची लग्नं केली. भावांतला फरक हेच त्या कामाचं दार होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनुभव आल्यावर, चांगल्या ठिकाणी शिरल्यावर पगार वाढतोही. पण दारातून आत घेतलं म्हणून पंधरा वर्षं उंबरठ्यावरच उभं ठेवायचं, हे न्यायाचं नाही.

न्यायाचं कसं दिसतं, याचा नमुना आपल्या ओळखीचा आहे. भारतात केंद्र सरकारच्या नोकरीत मूळ वेतन पदाचं असतं, मग माणूस पुण्यात असो की भुसावळला. गावाचा फरक घरभाडे भत्त्यात येतो: पुण्यासारख्या मोठ्या शहरात मुळाच्या ३० टक्के, नाशिकसारख्या शहरात २०, लहान गावात १०. महागाई वाढली की महागाई भत्ता वाढतो. म्हणजे पगाराच्या पावतीवर कामाची ओळ वेगळी आणि गावाची ओळ वेगळी, आणि गावाची ओळ लहान. दोन देशांत एकच आकडा येणार नाही, पण हे तत्त्व येऊ शकतं. कौशल्य वाढलं, महागाई वाढली, डॉलर वाढला, तर त्यातला वाटा काम करणाऱ्यालाही मिळाला पाहिजे. पंधरा वर्षं आकडा हलला नाही, तर ‘तिकडे स्वस्ताई आहे’ हे त्याचं कारण असू शकत नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते, कारण नुसती तक्रार वाचायला कुणाला आवडते?

पहिलं, आपली झाकली मूठ. ती सव्वा लाखाची म्हणतात, पण पगाराच्या बाबतीत त्या मुठीचा फायदा मालकालाच होतो. १९३५ च्या कामगार कायद्याने इथल्या बहुतेक खासगी नोकरदारांना आपसात पगाराबद्दल बोलायचा हक्क दिला आहे. व्यवस्थापकांना मात्र तो लागू नाही. एच-वन-बीसाठी कंपनीने कोणत्या पदाला, कोणत्या गावात, किती पगार लिहून दिला, ते श्रम खातं दर तिमाहीला जाहीर करतं. त्यात माणसाचं नाव नसतं, कंपनीचं असतं. न्यू जर्सीत १ जून २०२५ पासून दहा किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीतच पगार किंवा पगाराचा पल्ला छापावा लागतो. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो इथे असे कायदे आधीच आले. वाढ मागायला जाण्याआधी एक संध्याकाळ हे आकडे चाळा. इथे एच-फोरवर घरी असलेल्या माझ्यासारख्या बायकांना हे काम छान जमतं. भाव विचारायची सवय आपल्याला मंडईतली आहे.

दुसरं, आपल्यातले जे इकडे मॅनेजर आहेत आणि ज्यांच्या टीमचं अर्धं अंग पुण्यात आहे, त्यांना विनंती. पगार तुमच्या हातात नसेल, पण मीटिंगची वेळ आहे. आठवड्यातून एक-दोन वेळा इकडचे लोक लवकर उठू शकतात. काम पुण्यातल्या मुलीने केलं असेल तर ईमेलमध्ये नाव तिचं घालता येतं. बढतीच्या वेळी वरिष्ठांना तिचं नाव माहीत असणं म्हणजे तिच्या हाती आलेली ‘नाही’ म्हणायची ताकद.

तिसरं, भारतात हा अंक वाचणाऱ्या आईबाबा, काका-मावश्यांना. पहिल्या पॅकेजवरून मुलामुलींची तुलना नका करू. पहिली दोन वर्षं तिथे काय शिकायला मिळतंय आणि बाँड किती वर्षांचा आहे, हे विचारा. कागदावर सही करण्याआधी नोटीस पीरियडची ओळ वाचायला सांगा. आणि मुलगी घर सोडून वाकडला राहत असेल तर ‘एवढ्यात भागत नाही का?’ असं विचारताना, तुमच्या वेळचे भाव तिला लावू नका.

पुतणीला मी सध्या एवढंच कळवलं आहे, की तिच्या कोडला तिथलं पाणी लागत नाही, भाव मात्र तिथल्या रांगेचा लागतो; तेव्हा रांगेतून बाहेर काढील असं काही तरी शीक. ती शनिवार-रविवार क्लाउडचा कोर्स करते आहे आणि मार्चमध्ये बाँड संपला की अर्ज करणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या कंपनीची पुण्यात शाखा असेल आणि तिथे भरती असेल तर मंडळाच्या फराळाच्या दिवशी मला गाठा. रांगेतली ती एकटीच नाही, अशा चौघी-पाच जणींची नावं माझ्या वहीत आहेत.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. पुढच्या वर्षी भेटूच, याच ओट्यामागे.